कानावरची खूण

गारा थांबल्या तेव्हा आमच्या आणि शेजाऱ्यांच्या कळपाची पार खिचडी झाली होती. मेंढ्यांना आप-पर कळत नाही; वरून मार बसायला लागला की जिथे ऊब मिळेल तिथे त्या घुसतात. मी चिखलात उभी राहून एकेकीचा कान धरून बघत होते. ही आमची, ही त्यांची, ही आमची... तेवढ्यात सोन-कोल तलावाच्या बाजूने एक घोडा आला आणि थेट कळपाच्या मधोमध शिरला. वर एक माणूस होता. तो घोडा चालवत नव्हता, घोडाच त्याला घेऊन येत होता.

झालं. निवडलेल्या सगळ्या मेंढ्या पुन्हा एकत्र झाल्या.

"माफ करा," तो वरूनच म्हणाला. "हा थांबतच नाही."

"लगाम ओढा ना. तो काय बसचा ड्रायव्हर आहे, थांबा म्हटलं की थांबायला?"

त्याने ओढला. घोडा थांबला, पण तो थांबला नाही. मानेवरून घसरत तो माझ्या पायाशी चिखलात येऊन बसला. मला हसू आवरेना. पुरुषमाणूस पडला की आधी कुणी पाहिलं का ते बघतो आणि मग रागावतो, असा माझा अनुभव. हा मात्र केसांतल्या गारा झटकत माझ्याबरोबर हसत होता. हसून झाल्यावर, तिथेच बसल्या बसल्या, त्याने विचारलं, "तुम्ही त्यांचे कान का बघत होता?"

त्याचं नाव एर्निस. राजधानीत, बिश्केकला, शब्दकोशाच्या कामावर होता. नवा मोठा कोश निघत होता आणि 'खूण' हा एक शब्द त्याच्या वाट्याला आला होता. रस्त्यावरच्या पाटीची खूण, पूर्णविरामाची खूण, आजाराची खूण... शहरात सापडणारे अर्थ लिहून झाले होते. साहेब म्हणाले होते, वर कुरणावर जा, मेंढपाळांकडे या शब्दाचे असे अर्थ असतील जे आपण ऐकलेले नाहीत. म्हणून स्वारी भाड्याच्या घोड्यावर बसून आली होती.

मी त्याला घरी आणलं. आणणं भागच होतं, दात वाजत होते त्याचे. आईने त्याला माझ्या भावाचा कोट दिला. भाऊ मॉस्कोत बांधकामावर असतो, कोट इथेच लटकलेला असतो. बाबांनी चहा पाजला, चौकशी केली, आणि पर्यटकांसाठी उभारलेला आमचा दुसरा यूर्ट, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाचा गोल तंबू, नाहीतरी रिकामाच होता, तो त्याला राहायला मिळाला. हिवाळ्यात मी गावच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. उन्हाळा आला की आई, बाबा, बेगिमाय वहिनी आणि मी कळप घेऊन वर येतो. अशा ठिकाणी नवा माणूस आला की सगळ्यांनाच बरं वाटतं, आणि हा तर ऐकून घेणारा होता.

काय काय नाही विचारलं त्याने. बाबांनी त्याला जुन्या काळचं सांगितलं. घरात कुणी गेलं की यूर्टवर भाला उभा करून त्याला फडकं बांधायचे. लाल असलं तर गेलेला तरुण, काळं असलं तर मधल्या वयाचा, पांढरं असलं तर पिकलं पान, म्हणजे लांबून येणाऱ्याला रडण्याची तयारी करता यायची. आईने डोंगराच्या टोकावर बसणारा तो एवढासा ढग दाखवला आणि ही पावसाची खूण म्हणाली. मी त्याला खिंडीतला खुणेचा दगड दाखवायला नेलं. वाटेत तो घोड्यावरून पुन्हा एकदा उतरला. म्हणजे आपण त्याला उतरलाच म्हणू.

"मुलगी पसंत आहे, ही खूण कशी करतात तुमच्याकडे?" परतताना त्याने विचारलं. अगदी कामाच्या आवाजात, मोबाइल पुढे धरून.

"पूर्वी मुलगा तिच्या घरी चाबूक टांगून निघून जायचा. घरच्यांनी तो परत पाठवला तर नकार."

"आणि नाही पाठवला तर?"

"तर समजून घ्यायचं." मी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पण तुमच्याकडे तर चाबूकच नाही."

"विकत घेऊ का?"

मी घोडा पुढे काढला. माझ्या गालांना काय झालं होतं ते त्याला दिसू नये म्हणून.

वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे दादाच म्हणतात, आणि पहिले काही दिवस मीही त्याला रीतसर दादा म्हणत होते. एर्निसदादा, चहा घ्या. एर्निसदादा, तिकडे जाऊ नका, घोडी लाथ मारते. पुढे कधीतरी ते तोंडात येईनासं झालं. मग मी त्याला कशानेच हाक मारेना. हाक मारायची वेळ आली की जवळ जाऊन उभी राहायची. कुणाला कळणार नाही असं मला वाटत होतं, पण वहिनी कसली सोडतेय.

"काय गं," घोडीची धार काढताना ती म्हणाली, "पाहुण्याचं नाव विसरलीस की काय? जवळ जाऊन खाकरतेस नुसती."

"घसा बसलाय माझा."

"घसा नाही गं बसला. दुसरंच काहीतरी बसलंय."

खरं सांगायचं तर मला तो आवडत होता. संध्याकाळी दूध काढायला मी निघाले की तो शिंगराची दोरी धरायला हजर असायचा. शिंगरू त्याला फरफटत न्यायचं, पण दोरी सोडायचा नाही. माझं बोलणं मोबाइलमध्ये घ्यायचा आणि मोबाइल बंद केल्यावरही बसून राहायचा. मग आम्ही कशाकशाबद्दल बोलायचो, ते कुठल्याही कोशात गेलं नसतं. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले होते. आजोबांनी वाढवलं, तेही गेले. आई दक्षिणेकडची, सासरच्या माणसांशी तिचा संबंध उरला नव्हता. "मला मागे फारसं कुणी नाही," तो एकदा म्हणाला. मला फार वाईट वाटलं, आणि पुढे तरी कुणी असावं असंही वाटलं.

त्याचं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याला एक कोकरू द्यायचं ठरवलं. मोकळ्या हाताने कसं पाठवायचं माणसाला? कोकरू उशिरा जन्मलेलं होतं, त्याचे कान अजून कोरे होते. बाबांनी चाकू पुसला आणि विचारलं, "कुठली खूण कापू? तुझ्या घराण्याची असेलच काहीतरी."

"आहे ना काका. आजोबांनी शिकवली होती." आणि त्याने स्वतःचेच कान धरून दाखवलं. उजव्या कानाचं टोक उडवलेलं आणि डाव्या कानाला मागून खाच.

बाबांचा हात थांबला. आईने किटली खाली ठेवली. ती आमची खूण होती; इतके दिवस त्याने आमचं बोलणं टिपलं, पण मेंढीचा कान स्वतः एकदाही धरून पाहिला नव्हता. बाबांच्या आजोबांपासून आमच्या प्रत्येक मेंढीच्या कानावर असलेली. आणि कानावरची खूण कुणी उसनी देत नाही, ती बापाकडून मुलाकडेच येते.

"टोळी कुठली रे तुमची?" बाबांनी विचारलं. त्याने सांगितली. आमचीच.

"पूर्वजांची नावं?"

त्याला पणजोबांपर्यंतच माहीत होती. बाबा उठले आणि त्यांनी त्याला असं मिठीत घेतलं की कोकरू दोघांच्या मध्ये चेंगरलं. "अरे, आमचं रक्त आहेस तू! सापडलास की रे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग काय विचारता, लगेच मेंढी कापली, शेजाऱ्यांना सांगावे गेले, आईने तळलेल्या पुऱ्यांचा ढीग केला. हरवलेला भाऊबंद सापडणं यापेक्षा मोठा सण आमच्यात नाही.

सात पिढ्यांच्या आत एक बाप निघाला तर आमच्यात लग्न होत नाही. ती दोघं बहीण-भाऊ. हे कुणाला सांगावंही लागत नाही.

जेवणाआधी हात धुवायचं पाणी घेऊन मी सगळ्यांपुढून फिरले. त्याच्यापुढे आले तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, "बुरुल, आता नीट दादा म्हण हो त्याला. घरचा आहे."

"हात पुढे करा... दादा," मी म्हणाले. पाणी त्याच्या हातावर पडलं, बाहीवर पडलं, गालिच्यावर पडलं. त्या दिवशी तो काही जेवला नाही. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

सकाळी ओढ्यावर तो मला गाठायला आला. त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

"दादा म्हणू नकोस मला," तो म्हणाला.

"मग काय म्हणू? आईने सांगितलंय."

"काही म्हणू नकोस... मला पणजोबांच्या पुढचं माहीत नाही, बुरुल. माहीत नसणं म्हणजे नातं असणं नव्हे. कोच्कोरला आजोबांचा चुलतभाऊ आहे, ओमोर नावाचा. जिवंत असला तर त्याला विचारतो."

"आणि तो म्हणाला, आहे नातं?"

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. "तर मग मी वर येणार नाही. मला नाही जमणार, तुझ्या लग्नात भाऊ म्हणून उभं राहायला."

घोडा त्याला घेऊन गेला. मी बादल्या भरल्या आणि तिथेच बसून पोटभर रडले. कोकरू कोऱ्या कानांनी आमच्याकडेच राहिलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाबा येता-जाता म्हणत, "आपला एर्निस कधी येतोय कोण जाणे." मी नुसतं हूं म्हणे. गवत पिवळं पडलं, तलावावरचा वारा बोचायला लागला, शेजाऱ्यांनी यूर्ट उतरवून ट्रकवर चढवले. तो आला नाही. नाही आला म्हणजे काय समजायचं, ते तो सांगूनच गेला होता. तरी मी खिंडीकडे बघायची थांबले नाही.

आम्हीही निघायच्या तयारीत होतो. बारीक हिमकण मिसळलेला पाऊस लागला होता, आणि एक जुनी जीप घसरत, गुरगुरत वर आली. पुढे तो होता. मागे उंच पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा होता, हाडं मोजून घ्यावीत असा. म्हाताऱ्याला आजारपणाने गाठलं होतं आणि तो बरा होऊन प्रवासाला तयार होईपर्यंत एर्निस त्याच्या उशाशी बसून होता. माझ्या बाबांपुढे हे आपण सांगून उपयोगाचं नाही, म्हाताऱ्यानेच सांगायला हवं, असा एर्निसचा हट्ट होता.

ओमोर आजोबांनी दोन वाट्या चहा घेतला आणि मग बोलायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी एका हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर काचेसारखा थर गोठला. जनावरांना खालचं गवत मिळेना, सगळा कळप मेला. घरात खायला काही उरलं नाही. तेव्हा डोंगरापलीकडच्या एका माणसाने त्यांना गाभण मेंढ्या आणून दिल्या आणि परत मागितल्या नाहीत.

"त्यांच्या कानांवर खूण होतीच," आजोबा बाबांना म्हणाले. "आमची वेगळी होती. वडील चाकू घेऊन बसले, तर तुझा आजा म्हणाला, त्या बिचाऱ्यांना एकदा कापलंय, पुन्हा कापू नकोस. मग कोकरं झाली त्यांनाही वडिलांनी तीच खूण केली. म्हणाले, ज्याच्यामुळे जगलो त्याचं नाव पोरांना विसरू द्यायचं नाही. खूण राहिली. नाव मात्र पोरं विसरली."

बाबांनी आपली वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "याच्या बापापासून नावं घ्या, आजोबा. मी माझ्यापासून घेतो."

पावसाचा आवाज येत होता. आजोबा एक नाव घेत, बाबा एक नाव घेत. बाप, आजा, पणजा... मी दाराशी उभी होते, वहिनीने माझा हात धरला होता. एर्निस खाली मान घालून बसला होता, त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. पाचवं नाव वेगळं. सहावं वेगळं. सातव्याला बाबा अडखळले आणि माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि म्हणाले. वेगळं.

आठवं नाव दोघांनी एकदमच घेतलं.

 मग वहिनी फिसकन हसली. आजोबाही हसायला लागले, दात नसलेलं हसू. "एका पिढीने वाचलात रे," ते म्हणाले.

"कोण वाचलं?" बाबांनी विचारलं. ते आधी आजोबांकडे, मग एर्निसकडे आणि शेवटी माझ्याकडे बघायला लागले. माणूस मेंढीचा कान लांबून ओळखतो, पण घरातलं त्याला सांगावं लागतं. आईने त्यांच्या कानात सांगितलं. तिला हे कधी कळलं होतं देव जाणे. बाबांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी घसा साफ केला आणि अगदी व्यवहाराचं बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे पोरीला ज्या मेंढ्या द्यायच्या, त्यांचे कान पुन्हा कापायला नकोत."

मी बाहेर पळाले. तो मागून आला. हिमकण त्याच्या भुवयांवर बसत होते.

"मी..." तो म्हणाला आणि थांबला. एका शब्दावर अख्खा उन्हाळा बोललेला माणूस, आणि आता त्याला एकही सापडेना.

"तुम्ही निघून गेल्यावर मी तुम्हाला भाऊ मानायचा खूप प्रयत्न केला," मीच म्हणाले. "रोज केला. नाही जमलं मला."

"मला तर प्रयत्नही करता आला नाही." त्याने भुवयांवरचे हिमकण पुसले. "मला तू हवी आहेस, बुरुल. पहिल्या दिवशी चिखलात बसलो होतो तेव्हापासून. येशील माझ्याबरोबर?"

"येईन," मी म्हणाले. "पण घोड्यावर मी पुढे बसणार."

आतून आईने हाक मारली, चहा निवतोय म्हणून. आम्ही दोघांनी ती ऐकली, आणि दोघंही जागचे हललो नाही.