छत्तीसला भंगारात घालायचं नाही

"मीरासाहेब, या पुस्तकातली पानं कुणीतरी फाडलीयत."

कस्तुरा वळली नाही. पण कान... कानांना काय, ते आपोआप वळले.

चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर मीरासाहेबांचं सायकलचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात पंक्चरं निघत आणि उरलेल्या अर्ध्यात भाड्यानं पुस्तकं मिळत. त्यामुळे तिथल्या प्रत्येक पुस्तकाला सोल्युशनचा वास यायचा, आणि कस्तुराला कुठंही पंक्चरवाला दिसला की काहीतरी वाचावंसं वाटायचं. रविवारची दुपार होती. भाद्रपदातली एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि छपराच्या पत्र्यावरून थेंब अजून टपटपत होते.

"पानं फाडायची कुणाची छाती आहे?" मीरासाहेब ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले. "देताना मी बघून देतो, घेताना बघून घेतो."

"मग छपाईतच गळाली असतील. यात छत्तीस पहिल्याच प्रकरणात भंगारात जातो आणि पुस्तक संपेपर्यंत त्याचं नावसुद्धा निघत नाही. पण मला पक्कं ठाऊक आहे, तो परत येतो. शनीच्या कड्यावरून चालत येतो."

कस्तुराच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

पडणारच. कारण शनीच्या कड्यावरून छत्तीसला चालत आणलं होतं ते तिनंच... गेल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर.

'ध्रुवयान' ही मालिका कस्तुरा शाळेत असल्यापासून निघत होती. दर महिन्याला एक पातळसं पुस्तक. कॅप्टन रणदिवे हा त्यातला नायक. पोट सुटलेला, चष्मा कुठं ठेवला ते विसरणारा. आणि त्याचा यंत्रमानव छत्तीस. कॅप्टननं काहीही सांगितलं तरी छत्तीस आधी मान हलवून 'नाही' म्हणायचा आणि मग मुकाट्यानं तेच काम करायचा. वाचणारे त्या दोघांच्या भांडणासाठी वाचत, ग्रह-तारे नुसते तोंडी लावायला. पण प्रकाशकाला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यानं यंदा 'नवे ध्रुवयान' काढलं. रणदिव्यांना पेन्शनीत काढलं, छत्तीसला भंगारात घातलं, आणि कपाळावर केसांची बट सोडलेला एक कोवळा कॅप्टन आणून बसवला. तो प्रत्येक ग्रहावर उतरून आधी भांग पाडायचा.

कस्तुरा पिंपरीच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिथं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसत आणि सरकत येणाऱ्या बाटल्या उचलून खोक्यात भरत. जेवणानंतर डोळे पेंगत, म्हणून सुपरवायझर बबनरावांनी गोष्ट सांगायला मुभा दिली होती. पट्ट्यावरचा रिवाज असा की, जी गोष्ट सांगेल तिच्या वाटणीच्या बाटल्या शेजारणींनी उचलायच्या. सांगणारीनं हात मोकळे सोडून, हातवारे करून सांगायचं. कस्तुरा 'ध्रुवयान' सांगायची आणि पट्टा कसा हसत हसत सरकायचा.

नव्या मालिकेचं पहिलं पुस्तक तिनं इमानानं सांगायला घेतलं. बट झाली, भांग झाला. बायका गप्प. मग शेजारच्या केसरबाईंनी हळूच विचारलं, "अन् छत्तीस गं? त्यो कुटं हाय?"

केसरबाई कस्तुराच्या बाटल्या नेहमी सगळ्यांत आधी उचलत. त्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे बघून 'भंगारात' हा शब्द काही तिच्या तोंडून फुटेना. ती म्हणाली, "छत्तीस ना... त्याचं काय झालं, तो शनीवर अडकला होता." आणि तिथून पुढे सुटलीच.

आता तीच गोष्ट एका तरुणाच्या रूपानं तिच्यासमोर उभी होती. उंच, सावळी, पावसात भिजलेली, बाह्या दुमडलेली.

"तुम्हाला कसं ठाऊक, तो परत येतो ते?" मीरासाहेबांनी विचारलं.

"आईकडून. ती पॅकिंगला आहे. तिथं कुणी कस्तुरा म्हणून आहे, ती वाचून सांगते. फार हुशार आहे म्हणे."

"मग तिलाच विचारा की," मीरासाहेबांनी पाना कस्तुराकडे रोखला. "हीच ती."

तो वळला. कस्तुरानं पुस्तक उचलायच्या निमित्तानं जितकं खाली बघता येईल तितकं बघून घेतलं.

"मी ज्ञानदेव. केसरबाईंचा," तो म्हणाला. "तुमच्याकडे दुसरी प्रत असणार. पानं न फाटलेली."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते संध्याकाळी केसरबाईंच्या कानावर गेलं असतं आणि सकाळी अख्ख्या पट्ट्यावर. इतके दिवस बायका तिच्या बाटल्या उचलत होत्या त्या पुस्तकातल्या गोष्टीसाठी; आणि ही आपली मनचं पदरचं सांगत बसली होती. केसरबाई पुन्हा तशा मायेनं बघतील?

"आहे," ती म्हणाली. "म्हणजे... घरी आहे."

"पुढच्या रविवारी आणाल?"

तिनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिलाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी ते पुस्तक निगडीच्या मामेबहिणीकडे गेलेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ती बहीण ते देहूला विसरून आली होती. मग म्हणे उंदरानं कुरतडलं. ज्ञानदेव प्रत्येक कारण गंभीरपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं, मग तोंडी सांगा." पवनेच्या पुलापर्यंत तो सायकल हातात धरून चालायचा, ती बाजूनं चालायची. ती सांगायची, तो ऐकायचा आणि अधूनमधून नव्या कॅप्टनच्या नावानं बोटं मोडायचा.

"मला एक सांगा, अवकाशात गॉगल कशाला?"

"ऊन असेल."

"कुठलं ऊन?"

"सूर्य जवळ पडतो ना तिथून."

"तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"छे. माझ्या प्रतीत गॉगल नाहीच मुळी." आणि ती ओठ दाबून नदीकडे बघायची.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर होता. हाताला ऑइलचा वास, नखांच्या कडा काळ्या. एकदा तो म्हणाला, "मी दहावीला होतो तेव्हा वडील गेले. त्या वर्षी मी दुसरं काही वाचलंच नाही, नुसतं ध्रुवयान. आता त्याची ही दशा केली की... आपल्या घरात शिरून कुणी भांडी फेकतंय असं वाटतं." मग स्वतःच लाजला. "हसाल तुम्ही."

ती हसली नाही. तिलाही अगदी तसंच वाटलं होतं. फक्त तिनं भांडी उचलून परत फळीवर लावली होती. त्या दिवशी पुलावर वारा सुटला होता, तिचा पदर त्याच्या सायकलच्या ब्रेकमध्ये अडकला, आणि तो सोडवायला दोघांनाही गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

घरी परतताना कस्तुराच्या लक्षात आलं की, आता पुस्तकाचं खोटं उघडं पडलं तर पट्ट्यावरचा मान तर जाईलच, पण हा रविवारही जाईल.

दिवाळी झाली आणि एका रविवारी तो आला तोच तापलेला.

"काल मी पुण्याला गेलो होतो. पुस्तकांच्या गल्लीतलं एकूण एक दुकान पालथं घातलं. एक दुकानदार मला हसला. म्हणाला, असं पुस्तक निघालेलंच नाही. भांडलो मी त्याच्याशी."

"भांडलात?"

"मग काय करणार? म्हटलं, ज्यांच्याकडे आहे त्यांना मी ओळखतो. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत."

पुलाचा कठडा उन्हानं गरम झाला होता. कस्तुरानं त्यावर दोन्ही हात ठेवले.

"तो दुकानदार खरं बोलला," ती म्हणाली. "तसं पुस्तक नाहीये. निगडीला मामेबहीणही नाही. छत्तीसला मीच परत आणला... सगळं माझ्या मनचं. तुमच्या आईंना भंगाराचं सांगवेना मला. आणि मग तुम्हाला खरं सांगवेना."

त्यानं सायकल कठड्याला टेकवली, पुन्हा हातात धरली. मग विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही."

त्यानं सायकल वळवली, टांग मारली आणि मागं न बघता निघून गेला. कस्तुरा कठड्याला टेकून तशीच उभी राहिली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीरासाहेबांनी काही न विचारता तिला चहा पाजला, आणि ते न विचारणंच तिला जास्त लागलं. पट्ट्यावर छत्तीस यानाच्या दाराशी ताटकळत उभा होता, बायका "पुढं?" म्हणत होत्या आणि कस्तुरा "घसा बसलाय" म्हणून खाली मान घालून स्वतःच्या बाटल्या स्वतः उचलत होती. केसरबाईही गप्प होत्या. एका दुपारी त्यांनी खोकं बंद करता करता सांगितलं, "वडलांना म्हनावं, रविवारी घरीच ऱ्हावा. आमी येनार हाय. बोलायचं हाय." चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही.

कळलंय तर यांना, कस्तुराला वाटलं. आता बाबांच्या समोर पाणउतारा.

रविवारी बुद्धविहारामागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. कस्तुराचे वडील चिमाजी नवा सदरा घालून बसले. केसरबाई आल्या, मागून ज्ञानदेव, कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून. तो कुणाकडेच बघत नव्हता. कस्तुरा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि त्या सतरंजीवर मांडू लागली.

"बस पोरी," केसरबाई म्हणाल्या. चिमाजी सावरून बसले. मुलगी बघायला आलेली माणसं आता स्वयंपाकाचं विचारतील, शिवणकामाचं विचारतील, असं त्यांना वाटलं. केसरबाईंनी पोह्यांचा एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि विचारलं, "छत्तीसचं म्होरं काय झालं?"

चिमाजींना वाटलं, बाईंचा कुणी नातेवाईक असेल. कस्तुराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मावशी, ते पुस्तकात नाहीये. मी मनानं सांगत होते. मी तुम्हाला फसवलं."

"मला ठावं हाय."

कस्तुरानं मान वर केली.

"अगं, ह्यानं ते पुस्तक वाचलं त्या राती ताट सारलं. छत्तीसला भंगारात घातला म्हनून ह्यो जेवला न्हाई. अन् दुसऱ्या दिशी पट्ट्यावर तुझा छत्तीस शनीवर. मला वाचाया येत न्हाई, पर येवढं कळतं की. मंग मीच ह्याला म्हनलं, तुझ्या पुस्तकाची पानं फाटली असत्याल, रविवारी दुपारी जा अन् मीरासाहेबाला इचार. तू तवाच जातीस तितं, म्हनून."

ज्ञानदेवचे कान लाल झाले. त्यालाही हे आत्ताच कळलं होतं, असं दिसलं.

"आणि बाकीच्या?" कस्तुरानं विचारलं.

"समद्यांना ठावं हाय. पट्ट्यावरल्या रोशनबीचा भाऊ वाचतो की ती पुस्तकं."

"मग माझ्या बाटल्या का उचलत होतात?"

"गोष्टीसाठी. पुस्तकासाठी व्हय?" केसरबाईंनी बशी खाली ठेवली. "ह्याचा बाप असाच हुता. काय बी सांगा, आदी न्हाई म्हनायचा, मंग गपचिप करायचा. त्यो गेला तवापास्नं घरात मला न्हाई म्हननारं कुनी न्हाई. ज्ञानू ती पुस्तकं वाचून दावायचा, तवा वाटायचं, हाय अजून कुटंतरी. तू त्याला भंगारात जाऊ दिला न्हाईस. लई बरं केलंस, बाई." आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

इतके दिवस कस्तुरा ज्याला फसवणूक समजत होती, ते या बायकांनी माया म्हणून ओंजळीत घेतलं होतं. तिनं केसरबाईंचा हात धरला आणि नुसता धरून ठेवला.

चहाचं निमित्त करून मोठी माणसं आत गेली. ज्ञानदेवनं कागद सोडला. आत वीतभर उंचीचा यंत्रमानव होता. पितळेचं डोकं, पोलादी पाय, छातीवर कोरलेला आकडा.

"वर्कशॉपच्या भंगारातून केलाय," तो म्हणाला. "त्या दिवशी रागानं गेलो खरा. पण पिंपरी येईपर्यंत कळलं की राग कॅप्टनवर आहे, प्रकाशकावर आहे... तुमच्यावर येतच नाहीये. मग रिकाम्या हातानं परत यायची लाज वाटली. मान नीट बसेना याची, म्हणून वेळ लागला."

कस्तुरानं बोटानं ते पितळी डोकं हलवून बघितलं. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. खाली मात्र वाकेना.

"याला फक्त नाही म्हणता येतं," ज्ञानदेव म्हणाला.

"मग होकार कुणाला विचारायचा?"

"तो... मी तुला विचारतोय."

'तुला.' कस्तुरानं तो शब्द ऐकला आणि हातातल्या यंत्रमानवाकडे बघून तोंड गंभीर केलं.

"छत्तीस, हे पुन्हा असे रागावून निघून जातील का रे?"

आणि तिनं त्याची मान हळूच हलवली... डावीकडे, उजवीकडे.