खोकल्याचा खण

फोन आला तेव्हा चष्मेवाला एका आजीबाईंच्या चष्म्याच्या काडीतला स्क्रू पिळत होता. पलीकडे मेहुणी होती. ती सकाळी बहिणीकडे आली होती. ताई पियानोच्या स्टुलावरून उठली ती दारापर्यंत पोचलीच नाही, एवढंच तिला सांगता आलं. डॉक्टर येऊन गेले होते. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चष्मेवाल्याने "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि स्क्रू पूर्ण पिळला. आजीबाईंच्या नाकावर चष्मा चढवून दोन्ही काड्या कानांवर सारख्या बसल्या का ते पाहिलं आणि मग शटर ओढलं. हातांना सवय होती, हातांनी आपलं काम केलं.

त्याची बायको संगीत लिहायची. आजच्या काळातलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, मोठ्या वाद्यवृंदासाठी. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, तुताऱ्या, सगळ्यांनी काय वाजवायचं ते ती कागदावर लिहून द्यायची आणि वादक ते वाचून वाजवायचे. चष्मेवाल्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी तिच्या प्रत्येक रचनेच्या पहिल्या प्रयोगाला तो हजर असे, तोच एक कोट घालून, तिच्या डाव्या बाजूला.

आणि त्याला खोकला येई. आजार वगैरे काही नव्हता. एरवी दिवसभर तो अधूनमधून घसा साफ करायचा, तसाच तो खोकला. पण सभागृह शांत झालं की घशात हटकून काहीतरी हलायचं. दोन बारीक खोकले, आणि मागून एक ओढल्यासारखा, जड पेटी फरशीवरून सरकवावी तसा. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रयोगात, अगदी हळुवार जागी, त्याचा खोकला ध्वनिमुद्रणात कायमचा जाऊन बसला. शरमेने त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. ती मात्र घरी येऊन पोट धरून हसली.

पुढच्या रचनेपासून तिने त्याची सोय केली. स्वरलिपीच्या कागदावर दोन उभ्या रेघांमध्ये जी जागा असते तिला संगीतवाले बार म्हणतात. ती घरात खण म्हणायची, कपाटाच्या खणासारखा. प्रत्येक रचनेत कुठेतरी एक खण ती मोकळा सोडू लागली. तिथे सगळा वाद्यवृंद गप्प.

"हा तुझा," ती म्हणाली होती. "काय ते यात उरकून घे."

तो त्या खणाची वाट पाहत बसे. खण आला की खोकून घेई. मग अंधारात तिचा हात त्याच्या गुडघ्यावर दोनदा पडे, आणि मान न वळवता ती कुजबुजे, "झालं?" तो मान डोलावी. दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षक त्या जागेबद्दल 'अर्थपूर्ण मौन' असं काहीतरी लिहीत, आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते मोठ्याने वाचून हसत. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. निदान चष्मेवाल्याने तरी नाही.

ती गेल्यावर घर शांत झालं, यात नवल नव्हतं. पण शांततेत काहीतरी वेगळं होतं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. आलं ते मेहुणीच्या. ती अधूनमधून डबा घेऊन यायची. एकदा भांडी आवरता आवरता ती थांबली.

"भाऊजी, तुमचा खोकला कुठे गेला?"

त्याने आठवून पाहिलं. बरेच आठवडे झाले असावेत. ताई गेली त्या दिवसापासून नसेल, असं मेहुणी सहज बोलून गेली, आणि मग बोलल्याचं वाईट वाटून तिने नळ मोठा सोडला.

वसंतातला संगीत महोत्सव आला. दरवर्षीसारखी दोन तिकिटं आली. कार्यालयातल्या कुणीतरी जुनी यादी पाहून पाकिटं भरली असणार. सकाळी छोट्या सभागृहात संगीत लिहिणाऱ्यांची चर्चा होती आणि संध्याकाळी मोठ्या सभागृहात वादन. चर्चेच्या सुरुवातीला बायकोची आठवण काढणार होते, म्हणून तो गेला.

मंचावर महोत्सवाच्या संचालिका होत्या, संगणकावर संगीत रचणारी एक तरुण मुलगी होती आणि लांब्या होता. लांब्या हे बायकोने ठेवलेलं नाव. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. रविवारी तो चहाला यायचा आणि जेवणाच्या टेबलावर टांगलेल्या दिव्यावर न चुकता डोकं आपटायचा.

चर्चा बरी चालली होती. तरुण मुलगी म्हणाली की महोत्सववाले नवीन रचना मागतात, एकदा वाजवतात आणि कपाटात ठेवतात, पहिला प्रयोग तोच शेवटचा. लांब्या म्हणाला की त्यातही एक सुख असतं, आपली चूक दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही. लोक हसले. चष्मेवालाही हसला. बायको म्हणायची की महोत्सवातली नवी रचना म्हणजे निरोप समारंभातलं भाषण, संपलं म्हणून टाळ्या पडतात. ते त्याला आठवलं.

मग संचालिकांनी संध्याकाळच्या रचनेचा विषय काढला. लांब्याने ती या हिवाळ्यात लिहिली होती. त्यांनी स्वरलिपी चाळली होती म्हणे, आणि तिसऱ्या भागात एका जागी त्या अडल्या. सगळे वादक एकदम गप्प का होतात?

लांब्याने पाण्याचा ग्लास उगाच फिरवला.

"ती जागा मी लिहिलेली नाही," तो म्हणाला. "म्हणजे लिहायला बसलो, पण तिथे हात चालेना. तेवढा एक बार मोकळाच राहिला."

संचालिका म्हणाल्या की फार सुंदर, अर्थपूर्ण मौन.

चष्मेवाल्याने मनात सगळा हिशेब मांडला. ते रविवार, ते चहा, तो दुकानात असताना दोघांचं पियानोपाशी बसणं. त्याने कधी संशय घेतला नव्हता, आणि आताही तसला संशय नव्हता. पण खण तिने सांगितला होता. घरातली एकच गोष्ट अशी होती जी फक्त दोघांची होती, आणि ती तिने चहाबरोबर लांब्यापुढे ठेवली होती. दोघं हसलेही असतील.

चर्चा संपल्यावर त्याने लांब्याला जिन्याखाली गाठलं.

"तिने तुम्हाला खणाचं सांगितलं होतं?"

"कसल्या खणाचं?"

लांब्याला सोंग करता येत नसे. बायको म्हणायची, याच्या चेहऱ्यावर सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. चष्मेवाल्याने जमेल तेवढं सांगितलं. ऐकता ऐकता लांब्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"म्हणजे तो तुमचा आहे," तो म्हणाला.

"काय माझा?"

"खोकला."

लांब्याने खिशातून मोबाइल काढला. मंगळवारच्या तालमीचं ध्वनिमुद्रण होतं. त्याने ते थोडं पुढे सरकवून चष्मेवाल्याच्या कानाशी धरलं. व्हायोलिनं चढत गेली आणि एकदम थांबली. मोठ्या रिकाम्या सभागृहाची शांतता. मग लांबून, मागच्या बाजूने, दोन बारीक खोकले आणि मागून एक ओढल्यासारखा.

मंगळवारी चष्मेवाला दिवसभर दुकानात होता. एका शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायचे होते.

"मला वाटलं तुम्हीच येऊन मागे बसलात," लांब्या म्हणाला. "हाकसुद्धा मारली. दिवे लावून पाहिलं. कोणी नव्हतं."

"परत लावा."

लांब्याने परत लावलं. या वेळी चष्मेवाला खोकल्याच्या पुढचं ऐकत होता. व्हायोलिनं पुन्हा सुरू व्हायच्या आधी, अगदी हलके, कापडावर हात पडावा तसे दोन आवाज.

"ते काय आहे मला कळलं नाही," लांब्या म्हणाला. "खुर्चीबिर्ची असेल."

चष्मेवाल्याला कळलं होतं. त्याने एवढंच विचारलं, तो खण काढून टाकता येईल का? तिथे काहीही भरा, तुताऱ्या भरा, ढोल भरा.

लांब्या जिन्याच्या कठड्याला टेकला. त्याने ते करून पाहिलं होतं. बुधवारी व्हायोलिनांना तिथे चार सूर लिहून दिले होते. वाजवताना त्या जागी सगळ्यांचे गज एकदम वर उचलले गेले. त्याने विचारलं, का थांबलात? तर वादक म्हणाले, सर, इथे काही लिहिलेलंच नाही. लांब्याने खाली उतरून पानं पाहिली. त्याच्या हाताने लिहिलेले चार सूर प्रत्येकाच्या पानावर होते. वादक त्या जागेवर बोट ठेवून त्याच्याकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत चष्मेवाला रस्त्यांवरून हिंडत राहिला. दुकान उघडलं नाही. बायको गेल्यापासून तो रोज घरी शिरताना दारात क्षणभर थांबायचा. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. पण पियानोचं झाकण, तिची शाल, काहीतरी जरा सरकलेलं असेल, एवढी आशा तो दाराशी बाळगायचा. काहीही कधी सरकलं नव्हतं. ती घरी एकदाही आली नव्हती. आणि इथे, परक्याच्या तालमीला, ती मागच्या रांगेत बसत होती.

परक्यासाठी गेली असती तर भांडता आलं असतं. लांब्याची गचांडी धरता आली असती. पण ती चष्मेवाल्याबरोबरच बसत होती. त्याच्यातलं तिला हवं होतं तेवढं तिने नेलं होतं, आणि बाकीचा माणूस दुकान उघडायला मागे ठेवला होता.

मग त्याने ठरवलं. खण त्याचा होता. आज त्या खणात तोच खोकणार. आधी तो खोकला की दुसऱ्या कुणाला जागाच उरणार नाही, आणि गुडघ्यावरचा हात कुठे पडायचा ते हाताला कळेल.

सभागृहाबाहेर रस्ता उकरला होता. लोक नाकाला रुमाल लावून जात होते. चष्मेवाला त्या धुळीत मुद्दाम उभा राहिला आणि तोंडाने श्वास घेत राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. घशाला काही झालं नाही.

तो त्याच कोटात आत गेला. उजवीकडची खुर्ची रिकामी होती, तिचं तिकीट त्याच्याच खिशात होतं. खुर्च्या माणूस उठला की आपोआप वर मिटणाऱ्या होत्या. शेजारची मिटलेली होती. त्याने ती हाताने खाली दाबून धरली.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. त्याला संगीत कळत नव्हतं, पण वाट पाहायची सवय होती.

तिसऱ्या भागात व्हायोलिनं चढू लागली. त्याने छाती भरून घेतली.

गज वर उचलले गेले.

त्याने जोर लावला. घसा स्वच्छ होता. पुसलेल्या काचेसारखा. नुसती हवा बाहेर आली, आवाज न करता.

मागे, उजव्या बाजूला, दोन बारीक खोकले. मग ओढल्यासारखा एक.

कापडावर दोन थापा.

आणि तिचा आवाज. बारीक, जरा हसरा, मान न वळवता बोलल्यासारखा.

"झालं?"

चष्मेवाल्याने मान डोलावली. इतक्या वर्षांची सवय. डोलावून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला विचारलेलं नव्हतं.

व्हायोलिनं पुन्हा सुरू झाली.

शेवटी टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले, आणि सभागृहभर खुर्च्या खटाखट वर मिटल्या. त्याने वळून पाहिलं. मागे, उजवीकडे, भिंतीलगतच्या दोन खुर्च्या खालीच राहिल्या होत्या. शेजारीशेजारी. त्यांवर कोणी नव्हतं. लोक बाहेर पडले, सफाईवाल्या बाई रांगेतून पुढे आल्या, तरी त्या दोन वर गेल्या नव्हत्या. बाईंनी त्या दोन खुर्च्यांना वळसा घातला, कुणाचे पाय वाचवावेत तसा.

दाराशी लांब्या उभा होता. लोक त्याचं अभिनंदन करत होते. चष्मेवाला दिसताच तो गर्दीतून वाकून जवळ आला.

"आज तरी तुम्हीच होतात ना?" त्याने हळूच विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. चष्मेवाला "हो" म्हणाला.

यंदा त्याला जबर सर्दी झाली. ताप आला, नाक वाहिलं, मेहुणीने वाफारे दिले. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि लहान मुलासारखा स्वच्छ आहे म्हणाले. बायकोची शेवटची रचना पियानोवर पडून होती, ती संचालिका घेऊन गेल्या. पुढच्या महोत्सवात ती वाजवणार आहेत. चष्मेवाल्याने द्यायच्या आधी पानं चाळली होती. मधल्या एका पानावर खण मोकळा सोडलेला आहे. कोट धुवून आणला आहे. तो अजून खोकलेला नाही.