हल्याचं वळण

"ओ मॅडम! रणगाडा आवरा तुमचा!"

मी रिमोटचं चाक शेवटपर्यंत फिरवलं होतं. हल्या मात्र सरळच निघाला... चिखल उडवत, धूर सोडत, थेट त्या मुलाच्या दिशेनं. तो पाण्याच्या कॅनवर बसला होता. हल्यानं कॅनला अशी धडक दिली की कॅन आडवा झाला आणि तोही चिखलात आडवा! हातातला रिमोट तेवढा त्यानं वरच्या वर धरून ठेवला होता.

हल्या म्हणजे माझा मॉन्स्टर ट्रक. रिमोटवर पळणारा, पेट्रोल पिणारा, उचलायला दोन्ही हात लागतील एवढा. आमच्याकडं रेड्याला हल्या म्हणतात. काळाकुट्ट, दांडगा आणि वळ म्हटलं की हमखास न वळणारा. दुसरं नाव मला सुचलंच नाही.

"सॉरी, सॉरी! लागलं का?" मी धावत गेले. छावणीमागच्या त्या मैदानावर भाद्रपदातली भुरभुर चालू होती, आणि माझ्या चपलेला तर किलोभर चिखल.

"मला नाय लागलं," तो उठून बसला. भुवईवर चिखलाचा ठिपका. "पण हा वळत नाय, का तुम्ही वळवत नाय?"

"वळतच नाही हो."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. हा हसला. आणि हसताना त्या चिखलाच्या ठिपक्यासकट भुवई वर गेली. मी पटकन हल्याकडं बघायला लागले.

तो हल्यापाशी उकिडवा बसला. "रिमोट डावीकडं धरा." मी धरला. त्यानं दोन बोटांनी पुढचं चाक दाबलं, आणि चाक निमूट सरळ झालं. "बघा. दोन बोटांनी गप्प करू रायलो मी त्याला. एवढाले टायर, त्यात हा चिखल... आणि वळवायला हा एवढासा सर्व्हो." रिमोटचा इशारा मिळाला की पुढची चाकं फिरवणारी ती मोटरची डबी त्यानं मला बोटानं दाखवली.

"म्हणजे छाती पैलवानाची आणि मनगट लेकराचं," मी म्हणाले.

त्यानं मान वर करून बघितलं. नीट बघितलं. "लई बरोबर बोललात."

त्याचं नाव शिवराज पाथ्रीकर. फुलंब्रीचा. शेतांवर ड्रोननं फवारणी करायचा. नवी बॅटरी तपासायला मोकळं मैदान बघून आला होता. मी माझं नाव सांगितलं, मोनाली मगरे. डिप्लोमा केलाय, चिकलठाण्यात मामाच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन चालवते.

"अच्छा... म्हणून हातावर हे डाग आहेत. मला वाटलं, फोडणीचे."

"ॲल्युमिनियमची गरम चुरी उडते."

"मग तर तुमच्या हातांची माफी मागायला पायजे," तो म्हणाला, आणि माझे हात उगीचच ओढणीत गेले.

पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर चिखलातली शर्यत होती. मी पहिल्यांदाच नाव दिलं होतं. तिथं सरावाला येणारी पोरं हल्या झाडावर आदळला की टाळ्या वाजवायची. मला ती शर्यत पुरी करायची होती, बस. शिवराजनं सुचवलं तसा धातूच्या गिअरचा दणकट सर्व्हो मी मागवला. तो आल्याचा मेसेज केला, तर त्याचं उत्तर आलं, "फुलकोबीवर फवारणी चालू आहे. संध्याकाळी येऊ का?... सर्व्हो बघायला."

ते तीन ठिपके मी किती वेळ बघत बसले!

संध्याकाळी तो वर्कशॉपवर आला, सोमनाथमामाला वाकून नमस्कार केला आणि नव्या सर्व्होचं खोकं उघडलं. नवा सर्व्हो जुन्या जागेत बसेना. त्याच्यासोबत आलेला, चाकांचे रॉड ढकलणारा प्लॅस्टिकचा आर्मसुद्धा नाजूक होता. दात असलेली धातूची चकती तेवढी चांगली होती.

"आता?" शिवराजचा चेहरा पडला.

"आता तुम्ही बसा," मी म्हणाले.

मी चष्मा चढवला, ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्यात धरली आणि मशीन सुरू केलं. सर्व्हो धरायला एक प्लेट आणि त्या चकतीवर बोल्टनं बसेल असा एक आर्म. चंदेरी चुरी उडत होती. मधेच मान वळवली, तर तो मशीनकडं नाही, माझ्याकडं बघत होता. तोंड किंचित उघडं.

"काय बघू रायले?"

"काय नाय... आमच्याकडं शिवार ड्रोन बघायला जमतं. ते आता इथं आणावं म्हणतो."

कोपऱ्यातून मामा जोरात खोकला.

बसवताना मात्र कमाल त्याची. घाई नाही. आधी सर्व्होला वेगळी बॅटरी दिली, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरवर ताण यायला नको. मग रिमोट चालू करून सर्व्हो बरोब्बर मधोमध आणला, आणि मगच आर्म चढवला. वायर अशी हळुवार बांधली, जणू दुखेल तिला. एवढ्या मोठ्या हातांना इतकं हलकं वागता येतं? मी बघतच राहिले.

एकाच गोष्टीवर आमचं वाजलं. सर्व्हो आणि चाकांच्या मधे धक्का झेलणारी एक स्प्रिंग असते. तो म्हणाला, "पूर्ण आवळून टाकू. चाक लगेच ऐकल."

"थोडी ढील राहू द्या. दगड लागला तर धक्का जाईल कुठं?"

"नाय ओ, माझ्यावर विश्वास ठेवा."

ठेवला. रविवारी मैदानावर हल्या असा काही वळला की मी किंचाळलेच! डावीकडं म्हटलं की डावीकडं, उजवीकडं म्हटलं की उजवीकडं. टाळ्या वाजवणारी पोरं गप्प. आणि मग पुढचं चाक एका दगडावर गेलं... कट्ट! चाकाला ओढणारा रॉड मधोमध मोडला.

मी रागानं रिमोट बंद केला. शर्यत आठवड्यावर आली होती.

शिवराजनं तो मोडका रॉड हातात घेतला. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाय. चूक माझी ए, मोनाली. सगळी माझी." सबब नाही, हसण्यावारी नेणं नाही. डोळ्यांत सरळ बघून बोलला. आमच्याकडं मुलगा असं बोलताना मी तरी पहिल्यांदाच बघितला. राग कुठं गेला, मलाच कळलं नाही.

मी स्टीलचे जाड रॉड बनवले. स्प्रिंग त्यानंच सैल केली. एकेक आटा फिरवायचा आणि विचारायचा, "आता?... अजून थोडी?... तुम्ही म्हणाल तिथं थांबतो." आणि मी उगीचच "अजून थोडी" म्हणत राहिले. कारण मला दिसत होतं, शर्यत झाली की भेटायचं निमित्त संपणार होतं.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरून आलेलं. मैदानाचा नुसता काला झाला होता. पहिल्या फेरीत हल्या मागं पडला. दुसऱ्या फेरीत पुढचे दोन ट्रक अवघड वळणावर सरळ निघून खड्ड्यात रुतले. मी श्वास रोखला, चाक फिरवलं आणि हल्या चिखलाचा पंखा उडवत, अंगाला झोका दिल्यासारखा वळला. असा देखणा दिसला म्हणून सांगू! माझा नंबर दुसरा आला. पहिल्या आलेल्या वाळूजच्या माणसानं हल्या उलटा करून बघितला आणि विचारलं, "हा आर्म कुठून मागवला?"

"मागवला नाय," शिवराज मधेच म्हणाला. "हिनं बनवलाय." हिनं म्हणताना त्याची छाती फुगली होती. जिंकल्यासारखी!

गर्दी पांगली. आम्ही चिंचेखाली हल्याचा चिखल काढत बसलो. पानांवरून थेंब गळत होते.

"आता हल्या चांगला झाला," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे आता माझं काय काम नाय..."

"शिवराज," मी म्हणाले. हातातलं फडकं पिळत राहिले. "काम नसलं तरी या ना. मला... मला तुम्ही आवडता."

तो काडीनं टायरमधला चिखल काढत राहिला. वाटलं, जमिनीत जावं. मग म्हणाला, "मी त्या दिवशी चिखलात पडलो ना... तेव्हापासनं रोज इकडं यायचं कारण शोधू रायलो. बॅटरी तर कधीच तपासून झाली होती!"

मला हसू आलं, आणि लगेच घर आठवलं. "पण घरी? तुम्ही पाथ्रीकर, आम्ही मगरे. आमच्याकडं जयभीम म्हणतात. तुमच्या घरचे काय म्हणतील?"

तो उगीच धीर द्यायला "काही होत नाही" असं म्हणाला नाही, हे मला फार आवडलं. त्यानं खिशातून फोन काढला. "खरं सांगू? मला माहीत नाय. विचारतो."

"आत्ता?!"

"आत्ताच. नायतर घरी जाईस्तोवर माझीच हिंमत जाईल." त्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून पातेल्याचा आवाज, मग त्याच्या आईचा, सुरेखाकाकूंचा, "काय रं, कुठं ए?"

"आई, छावणीत ए. एक मुलगी ए... ट्रकची म्हटलो होतो ना, ती. मला आवडती. लग्न करायचं म्हणतो."

पातेल्याचा आवाज थांबला.

"कोणाची ए?"

"मगऱ्यांची. मोनाली."

चिंचेचे थेंब हल्याच्या टपावर टपटपत होते. शिवराजनं माझा हात धरला, चिखलासकट.

"शेजारीच ए का ती?" काकूंनी विचारलं.

"हो... इथंच ए."

पलीकडून एक लांब सुस्कारा, आणि मग काकूंचा आवाज, जरासा घोगरा, "तुझ्या बापाशी बोलावं लागल. लई बोलावं लागल." आणि मग त्यांनी विचारलं, "जेवली का ती?"

शिवराजनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"नाय जेवली, आई."

"मग बसवून काय ठेवलं तिला उपाशी? घेऊन ये. तवा ठेवते मी."