चार दहाचा दणका

तळेगाव ढमढेऱ्याच्या कालव्याकडेला, उसाला पाणी नेणाऱ्या चारीत, सकाळी अनसाबाईचं प्रेत सापडलं. आठवडे बाजारातून चालत घरी निघालेली म्हातारी. पाटी पालथी, शेजारी हेडलाइटच्या काचा. पहाटेपर्यंत जीव होता तिच्यात, असं डॉक्टर म्हणाले. ठोकणारा थांबलासुद्धा नव्हता.

काचा सर्जेरावांच्या जीपच्या निघाल्या. सर्जेराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, गावातलं बडं प्रस्थ. फौजदार करिश्मा जगदाळे वस्तीवर पोचली तेव्हा त्यांचा मुलगा गोकुळ ट्रॅक्टरमधून बॅटरी काढून जीपला लावत होता. सर्जेरावांनी चहा सांगितला आणि मुलीला बोलावलं.

मुलीचं नाव नकुशी. तिसरी पोरगी झाली म्हणून ठेवलेलं. पंचवीस वर्षांत बापानं तिला धड हाक मारली नव्हती. पाबळला वायरिंग शिकून तिनं जीपमध्ये घरच्या घरी कॉम्प्युटर बसवला होता, आणि वर्षभर त्यात एकेक सुधारणा करत होती. जीप कधी सुरू, कधी बंद, कुठं दणका बसला, सगळं तो लिहून ठेवायचा. दिवे लावले की स्क्रीन मंद व्हावा म्हणून हेडलाइटची वायरही तिनं त्याला जोडलेली. घरचे मात्र फिदीफिदी हसायचे.

स्क्रीन उजळला. नकुशीनं सवयीनं आधी मोबाईल बघून स्क्रीनवरचं घड्याळ लावलं, मग कालची नोंद वाचली. चारला जीप बंद. चार दोनला परत सुरू. चार दहाला दणका.

चारपर्यंत जीप ड्रायव्हर शंभूकडे होती. तो म्हणत होता, चारला चावी खिळ्याला अडकवून मी घरी गेलो. बायको बाजाराला गेलेली, घरात एकटाच होता. कोण विश्वास ठेवणार?

"माझ्या लेकीचं मशीन खोटं बोलत न्हाई," सर्जेराव चारचौघांत म्हणाले.

शंभूला उचललं. उद्या शिरूरच्या कोर्टात उभं करायचं होतं. त्याची पोटुशी बायको तेव्हापासून पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली, पाण्याचा घोटही न घेता.

करिश्मा दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, गार्डाची मुलगी. घड्याळ जुळवल्याशिवाय वडील ड्यूटीवर जात नसत. दुपारी तिनं नोंद उतरवून घेतलेला कागद पुन्हा वाचला. दणक्याच्या ओळीच्या शेवटी दोन शब्द होते. दिवे चालू.

मे महिन्यात, टळटळीत उन्हात, चार वाजता दिवे कोण लावतं?

ती तडक वस्तीवर गेली. गोकुळला बाजूला घेतलं.

"जीपची बॅटरी ट्रॅक्टरला कशाला नेता?"

"ट्रॅक्टरची मेलीय, मॅडम. रोजचंच हाय."

"काल कधी काढलीत?"

"शंभू आला आन् लगेच."

"परत कधी बसवली?"

"सव्वासातला. आबांना सोसायटीच्या मीटिंगला जायचं हुतं ना."

बोलून गेला आणि पोराचा चेहरा उतरला.

ओट्यावर सर्जेराव बसले होते. नकुशी दारात उभी होती. करिश्मानं आवाज चढवला नाही.

"या कॉम्प्युटरला स्वतःचा सेल नाही, म्हणून तर सकाळी घड्याळ लावावं लागलं. बॅटरी काढली की घड्याळ थांबतं, लावली की तिथूनच पुढं चालतं. काल ते चार वाजून दोन मिनिटांवर थांबलं. सव्वासातला जीप सुरू झाली, तरी मशीनच्या लेखी चार दोनच. म्हणजे चार दहाचा दणका खरा बसला सात तेवीसला. अंधार पडलेला, म्हणून दिवे. आणि त्या वेळी जीप तुमच्या हातात होती, सर्जेराव."

"म्हातारी मधीच आली," सर्जेराव पुटपुटले. "मीटिंगला उशीर झालता."

करिश्माला किळस आली. माणूस चारीत तडफडत होतं आणि हा गृहस्थ खुर्चीत बसून ठराव वाचत होता.

ती नकुशीकडे वळली. "घड्याळ रोज सकाळी तूच लावतेस. नोंद वाचतानाच तुला कळलं असणार."

"व्हय."

"मग शंभूला का अडकू दिलंस?"

नकुशीनं ओट्यावरच्या बापाकडं पाहिलं.

"आबा माझी लेक म्हणाले, मॅडम. पयल्यांदाच."

पुरावा दडवला म्हणून तिलाही यावं लागेल, असं करिश्मानं सांगितलं. नकुशीनं मान डोलावली, पेचकस आणला आणि आपल्या हातानं कॉम्प्युटर सोडवून दिला. सर्जेराव तिच्या शेजारूनच पोलिसांच्या गाडीत चढले. तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही.