सहाचा रकाना

पसंतीक्रम लॉक करायची मुदत रात्री अकरा पंचावन्नची होती, आणि पावणेदहालाच सासूबाईंनी दीनानाथमामांना आमच्याकडे गच्चीवर पाठवलं. निदान मला तसं वाटलं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढलेला माणूस; जेवणानंतर ते उगाच जिने चढत नाहीत.

माझ्या लग्नाला सात आठवडे झाले होते, आणि डॉक्टर होऊन वर्ष. आता निवासी डॉक्टर म्हणून पुढची तीन वर्षं कुठे काढायची, ते ठरवायचं होतं. माझ्या यादीत सगळ्यांत वर पेठेतलं एक छोटं हॉस्पिटल होतं. धायरीतल्या आमच्या घरापासून स्कूटरवर पस्तीस मिनिटं, आणि ‘रात्री झोप मिळते’ अशी त्याची ख्याती. खाली सोलापूरचं सरकारी. तिथे झोप हा विनोदाचा विषय आहे.

“मामा, वहिनीला सांगा ना, पेठेतलं बेस्ट आहे म्हणून,” माझी नणंद उल्का चटईवर पालथी पडून म्हणाली.

“मी कशाला सांगू? मी तिथे नोकरी केलीय.”

नवऱ्याने मोबाइलमधून मान वर काढली. मामांनी सुपारी कातरायची थांबवली.

“जयसिंगचं सांगतो. मग काय लॉक करायचं ते करा.

“जयसिंग लोणी काळभोरचा. घराण्यातला पहिला डॉक्टर. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. अठ्ठ्याऐंशी साल. त्यालाही असंच दोन ठिकाणी बोलावणं होतं. आमच्याकडची जागा आठ महिने रिकामी पडली होती. का रिकामी, हे त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं, झोप मिळते का.”

“आणि का रिकामी होती?” मी विचारलं.

“आधीचा पोरगा मध्येच गेला.”

“सोडून?”

“गेला,” मामा म्हणाले, आणि अडकित्ता बाजूला ठेवला.

“सर्जरीचा वॉर्ड. बारा खाटा. टेबलावर एक मोठा तक्ता, प्रत्येक खाटेला एक ओळ. रात्री बारा, दोन, चार, सहा असे चार रकाने. त्या त्या वेळी प्रत्येकाची नाडी आणि बीपी मोजून लिहायचं. हा काय करायचा, अकरा वाजताच चारही रकाने भरून टाकायचा. ऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. खरं वाटावं म्हणून थोडं खालीवर. आणि झोपायचा.”

उल्का हसली. मी हसले नाही. इंटर्नशिपमध्ये ‘थोडं खालीवर’ मीही केलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो आता वाचेलच.

“चौथ्या दिवशी सकाळी पाहतो, तर चारच्या रकान्यातले आकडे खोडलेले. एकच सरळ रेघ. वर दुसरे आकडे, हिरव्या शाईत. अक्षर इतकं नीटस की डॉक्टरचं नसावं. त्याने रात्रपाळीच्या मंदाकिनी सिस्टरना विचारलं, तुम्ही लिहिलंत? त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, माझं लिहून होत नाही, तुमचं कधी लिहू?’ मग माझ्यावर संशय. माझ्या खिशातली पेनं तपासली पठ्ठ्याने. एका रात्री तक्ता उशाखाली घेऊन झोपला. सकाळी सहाला काढतो, तर हिरवे आकडे हजर. मग मात्र उठून त्याने सहाचं बीपी खरंच घेतलं. बाराही खाटांचं. एकही आकडा चुकलेला नव्हता.”

“मग खोटं भरायचा थांबला का?” नवऱ्याने विचारलं.

“थांबेल कशाला? खरं भरणारं कुणीतरी होतं ना आता.”

खालच्या रस्त्यावरून एक डंपर गेला. मामांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली.

“बारा डिसेंबर. सोमवार. अमावास्या तीन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, तेव्हा तसलं काही मनात आणू नका. त्या दिवशी त्याला उशीर झाला. रात्री बाराला दहा मिनिटं कमी. तक्ता भरायला बसला… तर तक्ता भरलेला.

“पुढच्या सहा तासांचा. सगळा हिरवा.

“सात नंबरला मथुराबाई. कात्रजची म्हातारी, पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. बाराला नाडी अठ्ठ्याऐंशी. दोनला शहाण्णव. चारला एकशे तीस. आणि सहाच्या रकान्यात… आडवी रेघ.”

“रेघ म्हणजे?” उल्काने विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“मोजायला काही उरलं नाही, की रेघ मारतात,” मी म्हटलं.

उल्का उठून बसली.

“त्याने जाऊन म्हातारीचा हात धरला. अठ्ठ्याऐंशी. ती जागी होती. म्हणाली, ‘आत्ताच तर धरला व्हता की हात. परत कशापायी?’

“‘मी नाही धरला, आजी.’

“‘तुमी न्हाय. ते दुसरं. ते काय बोलत न्हाईत.’

“जयसिंगने खुर्ची ओढली. तिथेच बसला. बोटं तिच्या मनगटावर. दोन वाजले. शहाण्णव. सिस्टर म्हणाल्या, झोपा आता. हलला नाही. अडीच… तीन… एकशे दहा. घाम. पोट ताठ. उठून सर्जनना फोन लावला.

“‘बीपी बरं आहे ना?’

“‘सध्या आहे, सर.’

“‘मग सकाळी बघू.’

“‘सकाळी नसेल, सर.’

“‘कशावरून?’

“काय सांगणार… कशावरून?

“‘बारापासून मनगट धरून बसलोय, सर.’

“मग म्हणाले, येतो.

“साडेतीनला टेबलावर घेतली. आत रक्त साचलं होतं. साडेपाचला वॉर्डात आणली. सहाला त्याने मोजली. शंभर. तिची रेघ खोडली. वर लिहिलं, शंभर. निळ्या शाईत.”

उल्काने श्वास सोडला. “वाचली ना!”

“ती वाचली.”

“मग?”

“मग त्याची नजर खाली गेली. बारा खाटा. बारा ओळी. खाली… तेरावी ओळ.”

“रात्री नव्हती?”

“नव्हती. डॉ. जयसिंग. बाराला नाडी शहात्तर. दोनला नव्वद. चारला एकशे अठरा. नाडी मोजायला त्याने कुणापुढे हात केला नव्हता. सहाचा रकाना रिकामा. रेघ नाही. आकडा नाही.”



“काय केलं त्यांनी?” मी विचारलं.

“बसला. स्वतःचं मनगट धरलं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजली. आणि लिहिली. तीन वर्षं काढली तिथेच. वेळेआधी तक्ता कधी भरला नाही परत.”

जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला. “दीनू, पेठेतलं सांगितलंस ना रे तिला?”

“सांगितलं ताई. सविस्तर.”

अकरा वीस झाले होते. मी मोबाइल उघडला. सोलापूर वर घेतलं, पेठेतलं यादीतूनच काढलं आणि लॉक केलं.

“घाबरलीस?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“नाही. सोलापूरला माझे आकडे मागून दुरुस्त करणारं कुणी नसेल,” मी म्हटलं. “मलाच खरे लिहावे लागतील.”

त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. आता कळेल.

उतरताना मी मामांना जिन्यात गाठलं. “मामा, हे तुम्ही रचलेलं नाही कशावरून?”

ते रागावले नाहीत. पेन्शनचे कागद ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक घडी काढून दिली. “मूळ तक्ता जयसिंगकडे आहे. ही झेरॉक्स. तेव्हा पेठेत एकच मशीन होतं, काळंपांढरं.”

मी मोबाइलची बॅटरी लावली. कागद घड्यांवर विरलेला. रेघा काळ्या. जयसिंगचं शंभर काळं. हॉस्पिटलचा शिक्का काळा. बाराही खाटांचे ते नीटस आकडे, तेही काळेच.

बोट ओलं करून मी शेवटच्या ओळीवर घासलं. बोटाला काही लागलं नाही.

तेरावी ओळ हिरवी होती.