शांत बाजू

मी मासे धरायला जातो, हे आमच्या घरात अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाही. भिक्षुकाच्या घराण्यातला वकील, आणि रविवारी गळ घेऊन तलावावर! धरलेला मासा परत सोडून देतो, म्हणून बायको निदान घरात तरी घेते. गेल्या पौषात पातूरकडच्या एका तलावावर निघालो, तर आमची लेक इशिताही हट्टानं गाडीत बसली. तिला पोहता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल.

तलावाला लागून नितेशचं शेत आहे. आधी तो माझा पक्षकार होता, आता मित्र. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं असं की काठाला लावलेला त्याचा डोंगा, ती छोटी होडीही दिसेना. पाण्यावरून वाफ उठत होती. बेशरमाच्या झुडपांचा कुजका वास नाकात बसत होता.

"गळ राहू द्या गाडीतच, वकीलसाहेब," नितेश म्हणाला. "थंडीत मासा तळाले बसते, गळाले तोंड लावत नाई. त्याले बडवूनच उठवा लागते."

त्यानं खोल पाण्यात जाळं लावून ठेवलं होतं. एकानं काठाजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहून बांबूनं पाणी बडवायचं, की मासा जाळ्याकडे पळतो.

"आवाज झाला का तो उलट्या बाजूले पयते," तो म्हणाला. "जिकडं शांत वाटते, तिकडं. अन् जाळं शांत बाजूलेच असते. फक्त मधात कोनी बोलू नोका, नाईतर मासा फिरते."

इशितानं बांबू घेतला. नितेश डोंगा घेऊन जाळ्याकडे धुक्यात गेला. मी काठावर उभा राहिलो.

धप्. धप्. मग ती थांबली. छान जमलं होतं तिला, मला कौतुकच वाटलं.

तेवढ्यात आणखी एक धप् ऐकू आलं. इशिताचा बांबू तिच्या खांद्यावर होता.

मला वाटलं, नितेश. म्हणून गप्प राहिलो. पुन्हा आवाज झाला, या वेळी माझ्या अगदी पुढ्यात, मी आणि इशिता यांच्यामध्ये. मी खाली पाहिलं. पाणी हललंसुद्धा नव्हतं. आणि इशितानं एक पाऊल पुढे टाकलं.

दूरवरून नितेशचा दबका आवाज आला, "काठावर दुसरं कोन बडवून राह्यलं...?"

धप्. ती आणखी पुढे गेली. पाणी कमरेला लागलं.

"इशू!" मी ओरडलो. "माघारी फिर!"

तिनं वळून पाहिलं नाही. मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो आणि तिचा दंड धरला, तोवर पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं.

"पुढं किती बरं वाटतंय, बाबा..." ती म्हणाली.

आता तो आवाज माझ्या पाठीमागं होता. खोटं कशाला बोलू, मलाही पुढं बरं वाटत होतं. मुलगी बुडेल ही भीती त्या आवाजासरशी विरघळून जात होती. मीही एक पाऊल टाकलं.

"नितेश..." एवढंच तोंडून निघालं.

नितेश हुशार. पुढून त्यानं वल्ह्यानं पाणी बडवायला सुरुवात केली, जीव खाऊन, शिव्या देत. त्याच्या वल्ह्याचा आवाज इतका मोठा झाला की आम्ही दोघंही वळलो आणि काठाकडे पळत सुटलो. काठावर कुणी नव्हतं. नितेशनं जाळं तिथंच सोडलं. पुन्हा ते काढायला तो गेला नाही.

 आता घराच्या मागच्या बाजूनं धप् झालं की इशिता हातातलं काम टाकून पुढच्या खोलीत येऊन बसते. आमच्या अकोल्याच्या घरामागं रिकामा प्लॉट आहे. तिथं कुणी राहत नाही, कपडे धूत नाही. तो आवाज मीही ऐकतो.

गेल्या महिन्यात तिला बँकेत नोकरी लागली. अकोल्याची शाखा मिळत होती, तिनं पातूर मागून घेतलं. तिथंच खोलीही बघितली आहे. मी हात जोडले, रागावलो, का म्हणून विचारलं.

"इथं फार आवाज आहे, बाबा," ती म्हणाली. "तिकडं कसं शांत वाटतं."