नदीच्या तळातून केलेला फोन

"एकोणीस!" भोंगा ओरडला. "वर्षभरात रेडिओने आपलं नाव एकोणीस वेळा घेतलंय!"

"हळू बोल ना! बाबा आत आहेत," चिठ्ठीने त्याला दटावलं.

भोंग्याला हळू बोलता येत असतं, तर त्याला हे नाव पडलंच नसतं. तरी त्याने तोंडावर हात ठेवला. आतल्या खोलीत चिठ्ठीचे बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. वर्षभर ते असेच पडून असत.

'आपली नदी' हा नदीकाठच्या चारशे माणसांचा ऑनलाइन गट. कुणी पक्ष्यांचे फोटो टाकी, कुणी कचऱ्याची तक्रार करी. मोठ्या पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे वाचून रोज सकाळी साडेसहाला पाण्याची उंची टाकायची, हे काम फूटपट्टीचं. ती होतीही तशीच, उंच आणि काटकुळी! एकदा रेडिओवर गटाचा उल्लेख झाला आणि मंडळी हरखून गेली. सुट्टी लागताच गट चालवणाऱ्या मास्तरांनी या तिघांना कामाला लावलं. रेडिओच्या संकेतस्थळावर सकाळच्या सातच्या बातम्या साठवलेल्या होत्या. त्या ऐकायच्या आणि आपला उल्लेख आला की वहीत टिपायचा.

चिठ्ठीने वहीत आणखी एक रकाना आखला होता, रेडिओने सांगितलेल्या पाण्याच्या उंचीचा.

"आणि ही गंमत बघा!" भोंगा पुन्हा ओरडला. "रेडिओ म्हणतो, 'नोंदघरातल्या मोजमापानुसार'. पण आकडा रोज आपलाच! अगदी सेंटिमीटरपर्यंत! फूटपट्टे, तू तर सरकारी यंत्राहून पक्की निघालीस!"

फूटपट्टी हसली नाही. तिने वही ओढून घेतली आणि एकच तारीख शोधली. मागच्या वर्षीची अठरा ऑगस्ट. रेडिओचा आकडा, एक मीटर दहा.

तिने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

त्या दिवशी ती पुलावर गेलीच नव्हती! बाहेर धो धो पाऊस, अंथरूण उबदार. तिने पांघरुणातूनच आदल्या दिवशीचा आकडा लिहून टाकला होता. एका दिवसाने काय बिघडतंय! त्याच सकाळी चिठ्ठीच्या बाबांनी, म्हणजे गावच्या पोस्टमनकाकांनी, रेडिओ ऐकला आणि सायकल बुटक्या पुलावर घातली. पूल पाण्याखाली गेलेला होता. काका दोन तासांनी नदीकाठच्या पाणीउपशाच्या पंपाच्या जाळीत अडकलेले सापडले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणि वर चौकशीत ठपका आला, 'नोंदघरातल्या मोजमापानुसार पाणी एक मीटर दहा, म्हणजे बुटका पूल पाण्याबाहेर होता. पोस्टमन स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला.' काकांची नोकरी गेली. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं.

आकडा खोटा होता हे जगात एकट्या फूटपट्टीला माहीत होतं. आजवर तिने मनाची समजूत घातली होती की, रेडिओचं मोजमाप वेगळं, आपल्या आकड्याने कुणाचं काय होणार! मग नोंदघरातही नेमका तोच खोटा आकडा कसा?

"चला," ती उठली. "नोंदघर बघून येऊ. आत्ताच!"

पाणी खात्याचं नोंदघर नदीकाठीच, सायकलने अर्ध्या तासावर होतं. दाराला गंजकं कुलूप, आणि कुलपाच्या भोकावर गांधीलमाशीने मातीचं घर बांधलेलं! पाणी मोजायची लोखंडी फळी काठावर उभी हवी होती. ती वाकून, आकडे खाली करून चिखलात पडली होती. तिच्या भोकांमधून गवत वर आलं होतं.

"ही काही काल पडलेली नाही," चिठ्ठी म्हणाली. "वर्ष तरी झालं असेल. मग रोज मोजतं कोण?"

उत्तर पाणी खात्याच्या कचेरीत चहा पीत बसलं होतं. नोंदकारकुनाचे बूट आरशासारखे चकचकीत होते.

"काका, तुम्ही रोज नोंदघरात जाता?" भोंग्याने अगदी साळसूदपणे विचारलं.

"रोज! ऊन असो, पाऊस असो! नोकरी म्हणजे नोकरी! का रे, शाळेचा प्रकल्प वाटतं?"

"हो ना, सुट्टीतसुद्धा सोडत नाहीत!"

फूटपट्टी मात्र टेबलावरच्या मोबाईलकडे बघत होती. त्यावर बगळ्याचं चित्र होतं. ते तिच्या चांगल्याच ओळखीचं! गटात 'जलमित्र' नावाचे एक सदस्य होते, चित्र हेच. रोज तिच्या नोंदीला पहिला अंगठा त्यांचाच असे. कुणीतरी आपलं कौतुक करतंय म्हणून ती खूश व्हायची.

बाहेर येताच भोंग्याने दंड थोपटले. "उद्या खोटा आकडा टाकू! नऊ मीटर! रेडिओवर कशी फजिती होते बघा!"

"नाही!" फूटपट्टी इतक्या जोरात ओरडली की भोंगासुद्धा दचकला. "खोटा आकडा टाकायचा नाही. कधीच नाही! आपण काहीच टाकायचं नाही."

"म्हणजे?"

"सोमवारपासून दुरुस्तीसाठी धरणाचे दरवाजे चार दिवस बंद आहेत. नदी आटेल. कुणाला धोका नाही. आपण नुसतं गप्प बसायचं, आणि रेडिओ काय म्हणतो ते ऐकायचं."

रविवारचा आकडा होता एक मीटर चार. सोमवारी फूटपट्टीने नोंद टाकली नाही. सातच्या बातम्यांत निवेदिका म्हणाली, "नोंदघरातल्या मोजमापानुसार पाणी एक मीटर चार." मंगळवारीही तेच! आणि मंगळवारी 'जलमित्र'चा निरोप आला, 'बेटा, दोन दिवस नोंद नाही. तब्येत बरी आहे ना?'

"बघ, किती काळजी!" भोंगा म्हणाला. तिघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

बुधवारी सकाळी दहाला रेडिओवर श्रोत्यांच्या थेट फोनचा कार्यक्रम होता. पाहुणे होते पाणी खात्याचे साहेब. तिघं मोठ्या पुलाखाली, नदीच्या ऐन मध्यात उभी होती. पायाखाली भेगाळलेला चिखल आणि मेलेले मासे. वास नाकात बसत होता. भोंग्याने आईचा मोबाईल कानाला लावला. तीनदा फोन लागला नाही. चौथ्यांदा लागला!

"साहेब, आज मोठ्या पुलाखाली पाणी किती आहे हो?"

"एक मीटर चार," साहेबांचा भारदस्त आवाज आला. "आमच्या नोंदघरातली आज सकाळची ताजी नोंद!"

"अरे बापरे! मग मी बुडालो की! साहेब, मी आत्ता नदीच्या तळाला उभा आहे. माझी चप्पलसुद्धा ओली नाही!"

पलीकडून साहेबांचा खोकला ऐकू आला.

"तुमची मोजायची फळी चिखलात पडली आहे. फोटो काढलाय आम्ही!" भोंगा तोफ डागावी तसा सुटला. "तुम्ही आमच्या गटातले आकडे उचलता आणि नोंदघराचे म्हणून सांगता!"

"हे पाहा," साहेब सावरले. "एखाद्या दिवशी चूक झाली असेल. पण मागच्या सगळ्या नोंदी अचूक आहेत. गेल्या वर्षीच्या चौकशीतही ते सिद्ध झालं आहे."

चिठ्ठीचा चेहरा उतरला. आपल्या बाबांवरचा ठपका तसाच राहणार, हे तिला कळलं. तिने शेजारी उभ्या असलेल्या फूटपट्टीचा हात घट्ट धरला.

तो धरलेला हात फूटपट्टीला सहन होईना. गप्प राहिलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने मोबाईल घेतला.

"त्या सगळ्या नोंदी माझ्या आहेत," ती म्हणाली. "आणि त्यातली अठरा ऑगस्टची खोटी आहे. त्या दिवशी मी पुलावर गेलेच नव्हते. अंथरुणात पडून आदल्या दिवशीचा आकडा लिहिला. तोच तुम्ही चौकशीत दाखवलात. बुटका पूल पाण्याखाली होता. पोस्टमनकाकांची काही चूक नव्हती. चूक माझी होती... आणि तुमची."

हातातला हात सुटला. चिठ्ठी तिच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकली. मग वळली आणि काठ चढून निघून गेली.

दुपारी गटात निरोपांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, 'धाडसी पोर!' कुणी लिहिलं, 'हिच्यामुळे माणसाचा पाय गेला.' 'जलमित्र' गुपचूप गट सोडून गेला होता. संध्याकाळी मास्तर फूटपट्टीच्या घरी आले.

"आज बोललीस, त्याला छाती लागते," ते म्हणाले. "आम्ही चारशे मोठी माणसं, पोरी. रेडिओवर नाव आलं की टाळ्या वाजवत होतो. वर्षभरात एकानेही खांबाजवळ जाऊन तुझा आकडा पडताळला नाही. लाज आम्हालाही वाटायला हवी."

आठवडाभरात कारकून घरी बसला, साहेबांची बदली झाली, नवी फळी उभी राहिली. चौकशी पुन्हा झाली आणि पोस्टमनकाकांवरचा ठपका पुसला गेला. रेडिओने 'आपली नदी'चं आणि तीन मुलांचं कौतुक केलं. तो विसावा उल्लेख. वहीत तो कुणी टिपला नाही.

फूटपट्टी पोस्टमनकाकांकडे गेली तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. भिंतीकडे पाठ होती.

"का गेली नव्हतीस त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. वर्षभर न वापरलेला आवाज खरखरत होता.

"पाऊस होता. उठायचा कंटाळा आला."

काकांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. "मलाही आला होता," ते म्हणाले. "पण पत्रं होती." मग थांबून म्हणाले, "मी नीट बघून गेलो होतो की नाही, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं. तू बोललीस म्हणून ते तरी सुटलं. पण पाय काही येत नाही, पोरी."

"हो, काका," ती म्हणाली. तिथेच उभी राहून ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती पुलावर पोचली, तर चिठ्ठी आधीच तिथे उभी! धरणाचे दरवाजे कधीच उघडले होते. पाणी खांबाला आपटत होतं.

"एक मीटर बावीस," फूटपट्टी हळूच म्हणाली.

चिठ्ठीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कठड्यावरून वाकून तिने स्वतः खांब बघितला. एकदा. मग पुन्हा एकदा.

"एक मीटर बावीस," ती म्हणाली. "लिही. उद्यापासून रोज मीही येणार. तुझ्या शब्दावर आता मी काही लिहू देणार नाही."

फूटपट्टीने मान डोलावली आणि आकडा लिहिला.